शेवट सांगायचा नाही

मी पुस्तकं वाचणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. खड्ड्यात उतरायचं, दोर तपासायचे, ग्रीस लावायचं, वर येऊन वहीत सही करायची. घरी आल्यावर वाचायचं ते फार तर वर्तमानपत्र, तेही मागच्या पानापासून. वाचनाचं खातं बायकोकडे होतं. ती कोर्टात टायपिस्ट होती. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करून आली की हातपाय धुऊन पुस्तक घेऊन बसायची, आणि मग शेजारी आग लागली असती तरी तिला धुराचा वास आला नसता.

तिचा एक कंपू होता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता दंतवैद्याच्या दवाखान्यात जमायचा. शनिवारी दुपारनंतर दवाखाना बंद, आणि बाहेरच्या खोलीत खुर्च्या आयत्या. माणसं चारच. दंतवैद्य स्वतः, तो खुनाच्या कादंबऱ्यांवर जगायचा. एक रिटायर झालेला मोजणीदार, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून थकलेला, त्याला प्रवासवर्णनं आणि इतिहास लागायचा. एक शिंपीणबाई, चौकात तिचं दुकान, ती कौटुंबिक कादंबऱ्या वाचायची. आणि माझी बायको, जिला काहीही चालायचं. कविता, भुतांच्या गोष्टी, चरित्रं, एकदा तर मधमाश्या कशा पाळाव्यात याचं पुस्तक तिने घास हातात धरून संपवलं. माझं काम तिला स्कूटरवरून सोडण्याचं आणि आणण्याचं. मला सगळे लिफ्टवाले म्हणत. चहा मिळायचा म्हणून मीही कोपऱ्यात बसून राहायचो.

त्यांची पद्धत अशी. प्रत्येकाने महिन्याभरात वाचलेलं एक पुस्तक आणायचं, पाच मिनिटं त्याबद्दल बोलायचं आणि ते उरलेल्या तिघांपैकी कोणासाठी आहे ते ठरवून त्याच्या हातात द्यायचं. आत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी, हे तुमच्यासाठीच का. नियम दोन. ज्याला दिलं त्याने ते पूर्ण वाचायचं, आवडो न आवडो. आणि शेवट सांगायचा नाही. देणाऱ्याने तर नाहीच, पण वाचून परत आणणाऱ्यानेही नाही, कारण ते पुढे बाकीच्यांकडे फिरायचं असे. चौघांचं वाचून होईस्तोवर तीन-चार महिने जात, आणि तोवर सगळे दुसऱ्याच पुस्तकात बुडालेले असत.

शिफारशीत माझ्या बायकोचा हात धरणारं कोणी नव्हतं. दंतवैद्याचे वडील गेले तेव्हा त्या खुनांच्या माणसाला तिने कवितांचं एक बारकं पुस्तक दिलं. मी मनात म्हटलं, गेलं हे कपाटात. पण तो महिनाभर ते खिशात घालून हिंडला, पेशंटच्या हिरडीला सुन्न व्हायला लागतो तेवढ्या वेळात एकेक कविता वाचायचा. परत देताना त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला होता. माणूस बघून पुस्तक द्यायची ती विद्या होती, आणि तिला दुसरी कसलीच हौस नव्हती. दागिना नाही, प्रवास नाही. महिन्यातले ते दोन तास आणि ती खिडकीजवळची खुर्ची.

गेल्या वर्षी एका सकाळी तिने वर्तमानपत्र उचललं आणि विचारलं, "हे कुठल्या भाषेतलं आणलंत?"

मला वाटलं, गंमत करतेय. मी हसलोसुद्धा. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. हात चालत होते, पाय चालत होते, बोलणं पहिल्यासारखं खणखणीत. उजवीकडचं थोडं दिसेनासं झालं आणि वाचता येईनासं झालं, एवढंच. एवढंच, असं डॉक्टरही म्हणाले होते. अक्षर दिसायचं, पण ते काय आहे ते कळायचं नाही. विचित्र म्हणजे लिहिता यायचं. डॉक्टरांनी तिला एक वाक्य लिहायला सांगितलं, तिने झरझर लिहिलं. पाच मिनिटांनी तोच कागद पुढे धरला तर म्हणाली, "कोणाचं अक्षर आहे हे? वळणदार आहे." काही लोकांना बोटाने अक्षर गिरवून थोडंफार जमतं म्हणे. तिने दोन महिने गिरवलं, बोटाला घट्टा पडला, पण तिला जमलं नाही.

फोनवर पुस्तकं ऐकता येतात, हे मलाही माहीत आहे. मुलीने परगावाहून लगेच सगळं जोडून दिलं. बायकोने दोन दिवस ऐकलं आणि बंद केलं. म्हणाली, "तो माणूस कोणालाच वाचून दाखवत नाही. मी उठून गेले तरी बोलतच राहतो." शिवाय कंपूतली जुनी, बांधणी सुटलेली पुस्तकं त्या फोनात कुठून असणार. त्या दोन महिन्यांत ती एकदाही दवाखान्यात गेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ती खुर्ची गेली तर ही बाईच हातातून जाणार, हे मला न वाचता दिसत होतं. म्हणून एका दुपारी मी म्हटलं, "आण इकडे ते पुस्तक. मी वाचतो. हसायचं नाही."

ती हसली नाही. चटकन उठून बसली.

पहिलं पुस्तक मोजणीदाराने तिच्या आजाराआधी दिलेलं, डोंगरांत एकट्याने चालत गेलेल्या माणसाचं. माझ्या नाकी नऊ आले. हा गृहस्थ एका दगडाचं वर्णन तीन-तीन पानं करणार, वर ढग. मी रोज दोन तास वाचायचो, घसा बसायचा, आणि बाई डोळे मिटून अशी ऐकायची की मला मध्ये खोकायचीही भीती वाटावी. आठवड्याने मी चलाखी शिकलो. ढग आले की दोन पानं एकदम उलटायची. तिला कळायचं नाही. माणूस एका खिंडीतून निघून दुसऱ्या खिंडीत लवकर पोचायचा, त्याचंही भलं आणि माझंही.

मग खुनाची कादंबरी आली. ती मला जरा आवडली, म्हणून मी दुपारी एकटाच पुढचं वाचून ठेवलं. शेवटी खुनी निघाली ती मेलेल्याची बायको, इतकी वर्षं त्याची सेवा करणारी. मला ते बरं वाटलं नाही. रात्रंदिवस करणाऱ्या माणसावर असा आळ आमच्या घरात नको. मी खून रखवालदारावर ढकलला. सारवासारव करताना दोन पानं माझ्या मनाची जोडली. ती म्हणाली, "अरेच्चा, रखवालदार? माझा संशय बायकोवर होता." मी म्हटलं, "तुम्हा वाचणाऱ्यांना फार संशय." त्या शनिवारी तिने दंतवैद्याला सांगितलं की शेवट जरा ओढूनताणून आणलाय. तो कोड्यात पडला, पण नियम म्हणजे नियम, शेवट बोलायचा नाही. तो गप्प बसला आणि माझी वेळ निभावून गेली.

एका गाणाऱ्या बाईचं चरित्र होतं. ती बाई शेवटची अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती, एक सूरही काढता येत नव्हता. ते प्रकरण मी पूर्ण गाळलं. माझ्या वाचनात ती मैफल संपवून टाळ्यांत घरी गेली आणि झोपेत वारली. कवितांना मात्र मी हात लावला नाही. त्यातलं मला काही कळत नव्हतं, त्यामुळे काय बदलायचं तेही कळत नव्हतं.

असं वर्ष गेलं. दर पहिल्या शनिवारी ती नीट साडी नेसून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, पाच मिनिटं बोलायची, स्वतः लिहिलेली चिठ्ठी पुस्तकात घालून द्यायची. बोलणं तेच, नजर तीच. मोजणीदार एकदा जिन्यात मला म्हणाला, "लिफ्टवाले, तुम्ही फार मोठं काम करताय." मी मान हलवली. मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

आता त्या पुस्तकाचं सांगतो. जाड, लाल कापडी बांधणीचं, बायकोला ते रद्दीवाल्याकडे सापडलेलं, आजारापूर्वीचं, वाचायचं राहून गेलेलं. एक आई आहे. तिचा मुलगा भांडून घरातून निघून जातो. ती दाराची कडी लावत नाही, वर्षानुवर्षं. लोक येतात, खबरी आणतात, अमुक शहरात दिसला, तमुक बोटीवर चढला. तीनशे पानं ती बाई त्या खबरींवर जगते. बायको रोज सकाळी मला आधी त्या मुलाचं विचारायची आणि मग चहाचं.

त्या सुमारास डॉक्टरांकडे वर्षाची तपासणी होती. मोठ्या डॉक्टरांनी दिवा मारून डोळे पाहिले, पाट्या दाखवल्या आणि म्हणाले, "जे परत यायचं होतं ते आलं. आता यापुढे फरक पडेल असं मला वाटत नाही." ती "बरं" म्हणाली. रिक्षात ती रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांकडे बघत होती, एकेका पाटीकडे मान वळवून.

घरी आल्यावर ती पडली, आणि मी दुसऱ्या खोलीत बसून त्या पुस्तकाचा शेवट वाचला. गल्लीच्या टोकाला एक वापरात नसलेली विहीर असते. ती बुजवायला माणसं येतात आणि गाळ काढताना मुलगा सापडतो. तो गेलाच नव्हता. ज्या संध्याकाळी भांडून निघाला त्याच संध्याकाळी पडला होता. सगळ्या खबरी खोट्या होत्या, तीनशे पानं आई ज्याची वाट बघत होती तो घरापासून शंभर पावलांवर होता.

मी पुस्तक मिटलं. लिहिणारा समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती. संध्याकाळी ती उठून म्हणाली, "संपवू या आज." मी चष्मा लावला आणि तिला वाचून दाखवलं की दार वाजतं. कडी नसलेलं दार कशाला वाजवायचं, तरी वाजतं. आई उठते. बाहेर मुलगा, कानशिलावरचे केस पिकलेले. तो म्हणतो, "खायला काय आहे?"

ती रडली, पण कशी रडली सांगू, पोटभर जेवल्यावर माणूस सुस्कारा टाकतो तशी. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तेवढा शेवट परत वाचा. तिसऱ्या दिवशी परत. खोटं तीनदा तेच बोलायचं तर लिहून ठेवावं लागतं. मी ते एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. त्या आठवड्यात ती भिंतीकडे तोंड करून एकदाही झोपली नाही.

मग ती म्हणाली, "हे शिंपीणबाईंना द्यायचं."

शिंपीणबाईंचा मुलगा सहा वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. फोन नाही, पत्र नाही. बाई दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला एक शर्ट शिवायच्या, अंदाजाने मापं थोडी वाढवून. दुकानात मागच्या दांडीवर ते सहा शर्ट टांगलेले मी पाहिले होते.

मी म्हटलं, "त्यांना नको. जखमेवरची खपली कशाला काढतेस? मोजणीदाराला दे."

"अहो, त्यांच्यासाठीच आहे हे. मला इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं, कोणतं पुस्तक कोणाचं ते. माझं डोकं अजून चालतंय, बघा."

हे म्हणताना तिचा चेहरा असा होता की मी मूग गिळून गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. अजून पुस्तक घरात होतं, फार तर माझा खोटेपणा आमच्या दोघांत राहिला असता. पण मी विचार केला, शिंपीणबाई सावकाश वाचतात, दुकान सांभाळून महिने लागतील, आणि शेवट सांगायचा नाहीच आहे. रडतील आणि गप्प बसतील. मी त्या नियमाच्या आड लपलो. शनिवारी पुस्तक दिलं गेलं. चिठ्ठी तिने माझ्यासमोर लिहिली होती. "हे फक्त तुमच्यासाठी आहे. मध्ये सोडू नका. शेवटचं पान दुकान बंद करून, एकटीने वाचा."

पुढच्या पहिल्या शनिवारी शिंपीणबाई उशिरा आल्या. मोजणीदार कुठल्याशा राजाच्या पळून जाण्याबद्दल बोलत होता, तो थांबला. बाई दाराजवळच्याच खुर्चीवर टेकल्या. लाल पुस्तक त्यांनी एका उरलेल्या कापडात गुंडाळून आणलं होतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी आज नियम मोडणार आहे."

बायको हसत पुढे वाकली. "मोडा. तुम्हाला माफ. दार वाजलं तेव्हा रडलात की नाही, तेवढं सांगा."

"कुठलं दार?"

"शेवटी. मुलगा येतो तेव्हा."

शिंपीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला होता आणि तो त्यांना ठेवायला जागा सापडत नव्हती. मग त्यांनी कापड सोडलं, मागचं पान काढलं आणि वाचायला लागल्या. त्यांचं वाचन सपाट, एकेका शब्दावर थांबणारं. विहीर, गाळ, दोर, टोपली. मुलाच्या शर्टाचं बटण आईने ओळखलं, ते वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. बायकोची मान आधी पुस्तकाकडे होती, मग ती हळूहळू माझ्याकडे वळली. दंतवैद्य आणि मोजणीदारही माझ्याकडेच बघत होते.

"पानं चिकटली असतील," मी म्हटलं. त्या क्षणीही माझ्या तोंडून हेच निघालं. "जुनं पुस्तक आहे, एखाद वेळी..."

"तुम्ही मला तीनदा वाचून दाखवलंत," बायको म्हणाली.

"तुला त्रास होऊ नये म्हणून. त्या दिवशी डॉक्टर तसं बोलले होते."

ती शिंपीणबाईंकडे वळली. "मला माहीत नव्हतं हो. मला खरंच माहीत नव्हतं."

"ते आता कळलं, ताई," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण चिठ्ठी तुमच्या हातची होती, म्हणून मी दुकान बंद करून वाचलं. सहा वर्षांत मला विहिरीचा विचार एकदाही आला नव्हता. बोटीचा आला, तुरुंगाचा आला. विहिरीचा नाही. आता रोज सकाळी उठले की तोच येतो." त्यांनी पुस्तक जुन्या मासिकांच्या टेबलावर ठेवलं, कापडाची घडी घालून पिशवीत टाकली आणि गेल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

दंतवैद्य म्हणाला, "ताई, तुम्ही येत राहा. नुसतं ऐकायला या." चांगल्या मनाने म्हणाला बिचारा. तिने पदर सावरला आणि उठली.

घरी येईपर्यंत ती स्कूटरवर मागे माझ्या खांद्याला न धरता बसली होती, सीटच्या दांडीला धरून. घरी आल्यावर चप्पलही न काढता बाकावर बसली.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"किती पुस्तकं?"

मी सांगत गेलो. लपवण्यात आता काय अर्थ होता. डोंगरांचं वगळलं होतं, बदललं नव्हतं. गाणाऱ्या बाईची अकरा वर्षं. खून रखवालदाराने केला नव्हता. "मग कोणी?" तिने विचारलं. मी म्हटलं, बायकोने. तिने नुसती मान डोलावली. भुतांच्या गोष्टींत मी दोन भुतं कमी केली होती, हे सांगताना मला वाटलं होतं ती हसेल. बारा पुस्तकं झाली. त्या सगळ्यांबद्दल ती त्या दवाखान्यात बसून बोलली होती, मत दिलं होतं, वाद घातला होता, कोणाच्या तरी हातात दिली होती.

"म्हणजे वर्षभर मी तुमचं बोलत होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, पहिल्यापासून सगळी परत वाचतो, अक्षर न अक्षर, ढगांसकट. ती म्हणाली, वाचा. मी मोजणीदाराकडून डोंगरांचं परत आणलं. आता मी एकही शब्द सोडत नव्हतो, स्वल्पविरामालासुद्धा थांबत होतो. पण चार ओळी झाल्या की ती विचारायची, "असं तिथे आहे?" मी म्हणायचो, आहे. पुस्तक तिच्या समोर धरून ओळीवर बोट ठेवायचो, हे बघ, इथे. ती माझ्या बोटाकडे बघायची. काय बघणार होती? पाच दिवसांत आम्ही अकरा पानं वाचली आणि सहाव्या दिवशी तिने पुस्तक माझ्या हातातून घेऊन फडताळावर ठेवलं.

मग मी दंतवैद्याला बोलावलं. तो शनिवारची सुट्टी मोडून आला, तासभर वाचलं, छान वाचलं, आवाज चढवून उतरवून. तिने त्याला चहा दिला, आभार मानले, दारापर्यंत सोडायला गेली. परत येऊन म्हणाली, "तुमचं दोघांचं आधी बोलणं झालं होतं का?"

"नाही गं. शपथ."

"बरं."

मुलगी दोन दिवस येऊन गेली. तिने परत फोन जोडला, परत तो माणूस बोलायला लागला. बायको ऐकायची, पण ऐकताना पूर्वीसारखे डोळे मिटत नसे. मुलगी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही चुकलात. पण आईला थोडा वेळ द्या, ती येईल." तिला वाटत होतं, वेळ दिला की सगळं येतं. मी पस्तीस वर्षं दोर तपासले आहेत. एक तार तुटली तर बाकीच्या ओढून नेतात, पण आतून गंज धरला तर दोर बदलावाच लागतो, आणि आमच्याकडे बदलायला दुसरा दोर नव्हता. मी मुलीला म्हटलं, हो, देतो वेळ.

शिंपीणबाईंकडे मी एकदा गेलो. त्या मशीनवर होत्या, थांबल्या नाहीत. मी म्हटलं, चूक माझी आहे, तिला बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी तिला काहीच बोलत नाही हो." मागच्या दांडीवर शर्ट नव्हते. मी विचारलं नाही आणि बायकोला सांगितलंही नाही. बघा, परत गाळलंच.

पुढचे दोन पहिले शनिवार आले आणि गेले. चारच्या सुमारास ती एकदा घड्याळाकडे बघायची, तेवढंच. पुस्तकं तिने एका चादरीखाली झाकून टाकली. मी काहीबाही बोलत राहायचो, शेजारच्या इमारतीतली लिफ्ट कशी अडकली, कोण किती वेळ आत होतं. ती "हो का" म्हणायची. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण घरात इतकं शांत मला कधी ऐकू आलं नव्हतं.

काल दुपारी मी जेवणानंतर बाकावर बसलो होतो. ती टेबलापाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या हातात पेन पाहून मला इतकं बरं वाटलं की मी हललो नाही, उगाच तिची तंद्री मोडायला नको. अर्धं पान लिहून तिने पेनाचं टोपण लावलं, उठली आणि वही माझ्या हातात दिली.

"वाचून दाखवा," ती म्हणाली आणि समोर बसली.

मी चष्मा लावला. अक्षर नेहमीसारखं वळणदार, ओळी थोड्या उजवीकडे उतरत गेलेल्या. तिने लिहिलं होतं, "मला आता काही वाचून दाखवू नका. तुम्ही जे केलं ते माझ्यासाठी केलं हे मला समजतं, आणि म्हणूनच मला तुमच्यावर धड रागावताही येत नाही. वाचता येत नव्हतं तेव्हा जगता येत होतं. आता कोण काय म्हणतंय यातलं काहीच खरं वाटत नाही, तुम्ही 'चहा झाला' म्हणालात तरी नाही. सकाळी जाग येते तेव्हा, आजही आली, याचं मला वाईट वाटतं."

मी दोनदा वाचलं, मनात. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत वर्षभरापूर्वीची ती ऐकणारी नजर होती, कितीतरी दिवसांनी. हे मोठ्याने कसं वाचायचं? हे शब्द एकदा या खोलीत उच्चारले की ते कायमचे इथेच राहतील असं मला वाटलं. माझा घसा आपोआप साफ झाला.

"'शिंपीणबाईंना एकदा घरी बोलवा,'" मी वाचलं. "'मला त्यांच्याशी बोलायचं आहे. आणि ते डोंगरांचं पुस्तक अर्धं राहिलंय, ते पुढे वाचू या.'"

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

"बरं," ती म्हणाली. तिने वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि मांडीवर ठेवली. थोडा वेळ तिचे दोन्ही हात त्या वहीवर होते. "मी जरा पडते," असं म्हणून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी चहाचं पाणी ठेवलं. जमलं, असंच मला वाटत होतं. उद्या शिंपीणबाईंना काय सांगून आणायचं याचा विचार चालला होता, वाक्यं जुळत होती. साखर घालताना माझा हात थांबला. तिला वाचता येत नव्हतं, पण ते लिहिलं तिनेच होतं.